ड्रॅगन क्वेस्ट २ (फामिकॉम): रोंदारुकियाच्या गुहेतून बाहेर पडायचं कसं?

सातारी_स्लाइम:

खेळतोय ती मूळ जपानी फामिकॉम (निन्टेंडोचं जुनं गेम मशीन) कॅसेट, १९८७ ची. रीमेक नाही, मोबाईलवरची नाही. सध्याची पार्टी अशी: लोरासियाचा राजपुत्र लेव्हल २३, सामाल्तोरियाचा २०, मूनब्रुकची राजकन्या १७. जहाज, सगळ्या किल्ल्या आणि दुष्ट देवाची मूर्ती हातात आहे. पाचपैकी चार मुद्रा मिळाल्यात. मूर्ती वापरून गुहेचं तोंडही उघडलंय.

अडचण पुढे आहे. गुहेत दर चार पावलांवर खड्डा, खाली पडलं की सडकी प्रेतं, आणि वर एक मजला तर संपतच नाही. त्यातून एकदा पासवर्ड चुकला, 'जुमोन गा चिगाईमासु' (म्हणजे मंत्र चुकलाय) असं उत्तर आलं आणि सगळं मागे गेलं.

विचारायचंय ते असं:
लेव्हल किती हवी?
गुहेतल्या कोणत्या पेट्या खरंच घ्यायच्या आणि कोणत्या सोडायच्या?
पासवर्ड बिनचूक उतरवायची काही रीत आहे का?
रोतोची तलवार आहे, ती शेवटपर्यंत पुरेल ना?

इंटरनेटवर बहुतेक ठिकाणी रीमेकचे सल्ले आहेत, ते इथे लागू पडत नाहीत.

---

ग्राफपेपर:

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्यावर बाकीचं अवलंबून आहे. रोतोची तलवार पुरणार नाही. नाव मोठं असलं तरी या भागात तिची ताकद फक्त ४० आहे. गुहेत 'इनाझुमा नो केन' म्हणजे विजेची तलवार आहे, तिची ताकद ८०, बरोबर दुप्पट. ती लढाईत वस्तू म्हणून वापरली तर 'बागी' या हल्ल्याच्या मंत्राचा परिणाम होतो, तोही फुकटात. लोरासियाच्या राजपुत्राला एकही मंत्र येत नाही, त्यामुळे हे लक्षात ठेवा.

आता गुहा. लोक अडकतात ते एका दमात पार करायला जातात म्हणून. गुहेत एकदा गेलं की पलीकडेच बाहेर पडायचं असा हट्ट धरू नका. तीन फेऱ्या करा आणि प्रत्येक फेरीचं काम आधी ठरवा.

पहिली फेरी फक्त प्राणाच्या मुद्रेसाठी. तुमची उरलेली पाचवी मुद्रा तीच आणि ती याच गुहेत आहे. ती घेतल्याशिवाय वर गेलात तर पूर्ण वाट फुकट. पाच मुद्रा झाल्या की रुबिस देवी ताईत देते, आणि हार्गोन या दुष्ट पुजाऱ्याच्या किल्ल्यातली माया फक्त त्या ताइतानेच फिटते. ताईत नसेल तर किल्ल्यात शिरल्यावर लोरासियाचाच राजवाडा दिसतो, सगळे गोड बोलतात आणि पुढे रस्ता नाही. तेव्हा मुद्रा घ्या, रिरेमितो मंत्राने बाहेर या, रुबिसच्या देवळात जाऊन ताईत घ्या, सेव्ह करा.

दुसरी फेरी विजेची तलवार आणि रोतोचं चिलखत यांच्यासाठी. तलवारीच्या पेटीकडे पायी जाणारी वाटच नाही. वरच्या मजल्यावरच्या ठरावीक खड्ड्यातून मुद्दाम पडावं लागतं. इथेच बरेच जण फसतात, कारण तोवर खड्डा म्हणजे संकट अशी सवय लागलेली असते. म्हणून पडलात की लगेच जिना शोधायला धावू नका. आधी आपण कुठे पडलो ते बघा. चारी बाजूंनी बंद वाटणारा तुकडा दिसला तर तिथे काहीतरी ठेवलेलं असण्याची शक्यता जास्त. दोन्ही वस्तू हातात आल्या की पुन्हा रिरेमितो.

तिसऱ्या फेरीत एकही पेटी उघडायची नाही, शक्य त्या प्रत्येक लढाईतून पळायचं आणि सरळ बाहेर.

नकाशा कसा काढायचा: चौकटीचा कागद घ्या, एक चौकट म्हणजे एक पाऊल. फामिकॉमवर खड्डा पाऊल पडेपर्यंत दिसत नाही, म्हणून नुसती 'इथे खड्डा' अशी फुली पुरत नाही. जिथून सुखरूप गेलात त्या चौकटी रंगवत जा. पुढच्या वेळी फक्त रंगवलेल्या चौकटींवरून चालायचं. खड्डा सापडला की कुठल्या चौकटीतून खाली कुठे उतरलो हे बाणाने जोडा, कारण तलवारीची वाट याच बाणांतून मिळते.

न संपणारा मजला खरं तर लहान आहे. एकसारखे दिसणारे चौक आहेत, चुकीच्या दिशेला वळलात की खेळ तुम्हाला मुकाट्याने आधीच्या चौकात नेऊन ठेवतो. स्क्रीन लुकलुकत नाही, आवाज येत नाही. ओळखायची खूण एकच: सरळ चालत राहूनही भिंत येत नसेल तर तुम्ही फिरताय. प्रत्येक चौकात घेतलेलं वळण लिहा आणि पुढच्या प्रयत्नात एकच वळण बदला. दोन वळणं एकदम बदलली की कशामुळे पुढे आलो ते कळत नाही आणि गणित पुन्हा पहिल्यापासून.

---

कॅसेटवाला:

पासवर्डबद्दल.

या खेळाच्या जपानी कॅसेटमध्ये बॅटरीच नाही. सगळी माहिती त्या अक्षरांतच असते. ६४ अक्षरांचा संच आहे, म्हणजे एका अक्षरात ६ बिट, आणि जास्तीत जास्त ५२ अक्षरं. पहिल्या भागात वीसच होती. लांबी कमी-जास्त होते: राजपुत्र एकटा असताना पासवर्ड छोटा, तिघं जमून सामान भरलं की लांबतो. त्यामुळे या टप्प्यावर तुमचा पासवर्ड लांबलचकच येणार.

चुका नेहमी त्याच जोड्यांत होतात. 'नु' आणि 'मे'. 'वा', 'ने' आणि 'रे'. 'रु' आणि 'रो'. 'हा' आणि 'हो'. आणि सगळ्यात वाईट म्हणजे 'बा' आणि 'पा': दोन बारीक रेघा की एक बारीक गोल, एवढाच फरक, आणि जुन्या टीव्हीवर आरएफ केबलने जोडलं असेल तर दोन्ही सारखेच ठिपके दिसतात. शक्य असेल तर एव्ही आउटपुट असलेलं मशीन वापरा.

हाताने लिहू नका, मोबाईलने फोटो काढा. फ्लॅश बंद, मोबाईल टेकवून स्थिर, आणि एकाऐवजी चार-पाच फोटो, कारण पिक्चर ट्यूबवर एखाद्या फोटोत काळा पट्टा येऊन नेमकी एक ओळ खातो. मग पासवर्ड सांगणाऱ्या त्याच माणसाशी पुन्हा बोला आणि दुसऱ्यांदाही फोटो घ्या. मशीन बंद करायच्या आधी फोटो मोठा करून बा-पा तपासा. बंद केल्यावर तपासून उपयोग शून्य.

चुकलेला पासवर्ड टाकून देऊ नका. वरच्या जोड्यांपैकी एकेक अक्षर बदलून बघा. बहुतेक वेळा एकच अक्षर चुकलेलं असतं आणि पाच-दहा प्रयत्नांत पासवर्ड लागतो.

एक फायदाही सांगतो. एचपी (जीव) आणि एमपी (मंत्रांसाठीची शक्ती) या पासवर्डमध्ये साठवले जात नाहीत. त्यामुळे पासवर्ड घेऊन मशीन रिसेट केलं आणि पुन्हा आत आलात की पार्टी ताजीतवानी. सराईचे पैसे वाचतात.

कॅसेट आणि कंट्रोलर धड आहेत का हे बघायचं असेल तर जपानमध्ये प्रसिद्ध झालेला पासवर्ड टाका: युउते इमिया ओउकिमु कोउहो रिइयु उजितोरि यामाआ किरा, आणि उरलेल्या सगळ्या जागी 'पे'. 'मोयोमोतो' नावाचा लेव्हल ४८ चा राजपुत्र मिळतो. नीट वाचलंत तर त्यात खेळाचे लेखक होरी युजी आणि चित्रकार तोरियामा अकिरा यांची नावं दिसतील.

---

मेगांते_नको:

ग्राफपेपर यांनी गुहा सोपी करून सांगितली. पण माणसं गुहेत कमी आणि बाहेरच्या बर्फाळ पठारावर जास्त मरतात. गुहेतून बाहेर पडल्यावर थोड्या अंतरावर एक देऊळ आहे, तिथे सेव्ह होतं आणि पार्टी बरी होते. गुहेचं तोंड ते देऊळ हा तुकडा म्हणजे या खेळातला खरा कडेलोट.

तिथे भेटणारे तीन प्रकार लक्षात ठेवा.

ब्लिझार्ड: 'झाराकी' मंत्र मारतो. झाराकी म्हणजे एचपी कितीही असो, लागला की मेलात, आणि तो सगळ्या पार्टीवर एकदम पडतो. तीन-चार ब्लिझार्ड आले आणि त्यांची पाळी आधी आली तर तुम्ही काही करायच्या आत खेळ खल्लास.

डेव्हिल लॉर्ड: हा 'मेगांते' करतो. स्वतः मरतो आणि समोरची अख्खी पार्टी मारतो. तुम्ही केलेला मेगांते चुकू शकतो, त्याचा चुकत नाही. अन्याय म्हणा हवं तर.

आर्क डेमन: 'इओनाझुन', म्हणजे सगळ्यांवर मोठा स्फोट. दोन आर्क डेमननी एकाच फेरीत टाकला तर राजकन्या उरत नाही.

शिवाय किलर मशीन एका पाळीत दोनदा वार करतं आणि गिगांतेसचा ठोसा जबर, पण त्या दोघांशी निदान हिशेब करून लढता येतं.

म्हणून 'लेव्हल किती हवी' या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. इओनाझुन आणि ठोसे यांच्यासाठी लेव्हल उपयोगी, कारण एचपी वाढतात. झाराकी आणि मेगांतेसाठी लेव्हलचा उपयोग इतकाच की चपळाई वाढते आणि तुमची पाळी आधी येण्याची शक्यता थोडी सुधारते. तुमची पार्टी २३-२०-१७ आहे. राजपुत्राला २६ किंवा २७ पर्यंत न्या आणि निघा. त्यापुढे गुहेबाहेरच्या राक्षसांवर लेव्हल वाढवत बसणं म्हणजे वेळ दवडणं. पठारावरचे राक्षस कितीतरी जास्त अनुभव देतात, आणि तिथे देऊळ जवळ आहे.

ब्लिझार्ड किंवा डेव्हिल लॉर्ड दिसला की विचार न करता पळा. पळणं फसलं तरी पुढच्या पाळीत पुन्हा पळा. एक पाळी पळायचं आणि एक पाळी लढायचं हे सगळ्यात महाग पडतं: मार दोन्हीकडून खाता आणि हाती काही लागत नाही.

---

लोरासिया_लोकल:

मेगांते_नको यांच्या २६-२७ शी सहमत नाही. मूळ कॅसेटवर ३० च्या खाली जाऊ नका. कारण राजपुत्र नाही, राजकन्या आहे. तिची लेव्हल सगळ्यात हळू वाढते (तिची कमाल मर्यादाच ३५ आहे, सामाल्तोरियाची ४५, लोरासियाची ५०) आणि एचपी सगळ्यात कमी. राजपुत्र ३० वर पोचेपर्यंत ती कशीबशी एक इओनाझुन झेलण्याइतकी होते.

आणि लेव्हलपेक्षाही आधी पाण्याचं वस्त्र. ते आहे का? 'मिझु नो हागोरोमो'. ड्रॅगनचं शिंग नावाच्या जोडमनोऱ्यांपैकी उत्तरेकडच्या मनोऱ्यातून दवाचा धागा, झाहानच्या देवळातून पवित्र माग, आणि दोन्ही वस्तू तेपा गावातल्या डॉन मोहामे या विणकराकडे. ज्वाला आणि हल्ल्याचे मंत्र दोन्हींचा मार ते कमी करतं. सामाल्तोरियाचा राजपुत्र आणि राजकन्या दोघांनाही घालता येतं, पण एकच असेल तर राजकन्येला द्या, वाद नको.

सामाल्तोरियाच्या राजपुत्राकडून हाणामारीची अपेक्षा सोडा. फामिकॉमवर त्याला लोखंडी भाल्यापलीकडे फारसं काही धरताच येत नाही. त्याच्या हाती ताकदीची ढाल द्या. लढाईत वापरली की 'बेहोइमी' या बरं करणाऱ्या मंत्राएवढे एचपी भरते आणि एमपी शून्य खर्च. गुहेत एमपी कुठेच भरून मिळत नाहीत, त्यामुळे ही ढाल म्हणजे चालता-बोलता दवाखाना. लोरासियाच्या राजपुत्रालाही एक घ्या. पैसे साठवून ठेवू नका, पार्टी मेली की निम्मं सोनं जातंच.

प्रत्येकाकडे वस्तूंच्या जागा आठच, अंगावरचं सामान धरून. तिसऱ्या फेरीला निघताना जागा अशा भरा: जगवृक्षाचं पान एक (एका वेळी एकच मिळतं, वापरलं की पूर्वेच्या बेटावरून पुन्हा आणता येतं), एमपी भरणाऱ्या प्रार्थनेच्या अंगठ्या जमतील तेवढ्या, आणि उरलेल्या जागी औषधी पाला. पान राजकन्येकडे ठेवू नका. बहुतेक वेळा मरते तीच, आणि मेलेल्या माणसाची पाळी येत नाही.

---

सातारी_स्लाइम:

सगळ्यांचे आभार. वस्त्र एक आहे, ढाल एकच आहे, दुसरी घेतो. मूर्ती आता विकून जागा मोकळी केली तर चालेल का? गुहा तर उघडली. आणि हायाबुसा तलवार घ्यावी का? दोनदा वार करते म्हणतात.

---

ग्राफपेपर:

मूर्ती अजिबात सोडू नका. हार्गोनच्या किल्ल्यात ताइताने माया फिटल्यावर वरच्या मजल्यांकडे जायला तीच मूर्ती पुन्हा वापरावी लागते.

हायाबुसा तलवारीचं गणित करून बघा. या मालिकेतलं ढोबळ सूत्र असं: हल्ला वजा शत्रूच्या संरक्षणाचा अर्धा भाग, आणि उरलेल्याचा अर्धा म्हणजे एका वाराचा मार. हल्ला म्हणजे अंगची ताकद अधिक शस्त्राची. फामिकॉमवर हायाबुसाची ताकद फक्त ५. अंगची ताकद १२० धरा. शत्रूचं संरक्षण ६० असेल तर विजेच्या तलवारीने (२०० − ३०) ÷ २ = ८५, आणि हायाबुसाने दोन वार मिळून ९५. पण संरक्षण १६० झालं की विजेची ६०, हायाबुसाचे दोन मिळून ४५. म्हणजे मऊ शत्रूंना हायाबुसा, कडक शत्रूंना वीज. शेवटी भेटणारे सगळे कडक.

विनाशाची तलवार ९३ ची आहे, पण शापित. हातात असताना मधूनच अंग आखडतं आणि पाळी फुकट जाते. या दोन तलवारींचे गुण एकत्र आणणारा बग मूळ कॅसेटमध्ये आहे आणि जपानी खेळाडू त्याला 'हाकाबुसा' म्हणतात. शेवट सोपा होतो, पण मग गुहेत एवढं मरायचं कशाला?

---

मेगांते_नको:

लोरासिया_लोकल यांचं राजकन्येबद्दलचं म्हणणं मान्य. तरीही ३० पर्यंत लेव्हल वाढवायची तर देवळाजवळ वाढवा, गुहेबाहेर नाही.

देवळात एकदा सेव्ह केलंत की दुसरीकडे कुठेही पासवर्ड घेऊ नका. या भागात 'रूरा' मंत्र शेवटचा पासवर्ड जिथे घेतला तिथेच नेतो. खरेदीला खाली उतरून एखाद्या गावात पासवर्ड घेतलात की रूरा पुढे त्या गावात, आणि गुहा पुन्हा पहिल्यापासून. म्हणून सगळी खरेदी गुहेच्या आधी.

आता सिदो, म्हणजे शेवटचा शत्रू. सल्ले वाचताना आवृत्ती बघा. मूळ फामिकॉमवर त्याचे एचपी फक्त २५०, कारण एका बाइटमध्ये २५५ च्या वर मावत नाही. सुपर फामिकॉमच्या रीमेकमध्ये एचपी बरेच वाढवले, पण तिथे तो 'बेहोमा' करत नाही. इथे करतो, म्हणजे एका पाळीत पुन्हा पूर्ण २५०. त्यामुळे हळूहळू झिजवायचा डाव इथे चालत नाही. तुम्ही त्याला ४० वर आणता, तो बेहोमा करतो, तुमचे एमपी गेलेले आणि त्याचं काही गेलेलं नाही. कमीत कमी पाळ्यांत २५० उतरवायचे.

पहिल्या दोन पाळ्या सामाल्तोरियाच्या राजपुत्राने 'सुकुरुतो'. त्याने ठोशांचा मार कमी होतो. ज्वाळांवर परिणाम नाही, त्यासाठी वस्त्र. लोरासियाचा पहिल्या पाळीपासून फक्त वार. राजकन्येचे एमपी हल्ल्यावर उडवू नका, ते लोरासियाच्या राजपुत्राला उभं ठेवण्यासाठी. त्याचे एचपी निम्म्यावर येण्याची वाट न बघता भरा, कारण ठोसा आणि ज्वाला एकाच फेरीत आल्या तर निम्मे पुरत नाहीत. सुकुरुतो झाल्यावर सामाल्तोरियाच्याने ढाल वापरत राहायचं. नशीब फिरलं आणि बेहोमा दोनदा झाला तर हरलात असं समजा. देवळातून पुन्हा या.

सिदोच्या आधी अटलास, बाझुझु, बेलियल आणि हार्गोन आहेत आणि मध्ये विश्रांती कुठेच नाही. अटलास मंत्र मारत नाही, नुसता ठोकतो, म्हणून त्याच्यावर एमपी कमी खर्च करा. प्रार्थनेच्या अंगठ्या हार्गोननंतर वापरा. अंगठी वापरताना मोडू शकते, त्यामुळे एकीवर भरवसा नको.

---

कॅसेटवाला:

धागा वाचून कोणी अमेरिकन कॅसेट घेणार असेल तर: तिकडे हा खेळ १९९० मध्ये 'ड्रॅगन वॉरियर २' नावाने आला. त्यात पासवर्ड काढून बॅटरीवर सेव्ह दिलं. आत सीआर२०३२ सेल डाखलेला असतो आणि इतक्या वर्षांत तो मेलेला असू शकतो. बदलताना पट्ट्या जोडलेला सेल घ्या. साध्या सेलवर थेट डाग देऊ नका, तापून फुटू शकतो. आणि मशीन बंद करताना रिसेट दाबून धरून मगच पॉवर बंद करा, नाहीतर सेव्ह पुसलं जायची भीती असते. नावंही बदललीत: सिदो तिथे 'मालरॉथ', रोंदारुकिया 'रोन', झाराकी 'डिफीट', मेगांते 'सॅक्रिफाइस'. खड्डे आणि बेहोमा तेच.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्ही गेमच्या कॅसेटवर हा खेळ शोधून सापडणार नाही, त्या मुख्यतः कॉन्ट्रा-मारिओच्या. मोबाईलवर खेळायचा तर २०१४ ची आवृत्ती आहे, पण तिचा तोल वेगळा. वरचे एचपीचे आणि तलवारींचे आकडे तिथे लावू नका.

---

सातारी_स्लाइम:

एकच उरलं. सिदो पडल्यावर शेवट आपोआप सुरू होतो का? पासवर्ड कुठे घ्यायचा?

---

लोरासिया_लोकल:

आपोआप होत नाही, आणि पासवर्डची गरज नाही. फक्त मशीन बंद करू नका. किल्ल्याबाहेर या आणि लोरासियाला जाऊन राजाशी बोला, तेव्हाच शेवट सुरू होतो. सिदो मेल्यावर रस्त्यात राक्षस भेटत नाहीत, त्यामुळे आधी मूनपेता, सामाल्तोरिया असं फिरून गेलात तरी चालतं. गावातली माणसं तेव्हा वेगळं बोलतात.